डॉ. आयर्विंग सेलिकॉफ : मृत्यूंची मोजदाद करणारा डॉक्टर

आपल्याकडे गोठ्यावर, पिठाच्या गिरणीवर, एखाद्या बसथांब्यावर जो करडा नागमोडी पत्रा दिसतो त्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो. त्यात सिमेंट असते हे खरेच. परंतु जुन्या पत्र्यांत त्या सिमेंटला आतून धरून ठेवणारे तंतू असतात ते ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे. हा दगड मोठा विलक्षण आहे. तो कुटला की त्याची रुई होते, रुईचे सूत निघते, सुताचे कापड विणता येते, आणि ते कापड आगीत घातले तरी जळत नाही. विसाव्या शतकातील कारखानदारीने ह्या दगडाला डोक्यावर घेतले यात नवल नाही. जहाजांचे बॉयलर, वाफेचे नळ, विजेची केंद्रे, शाळा, इस्पितळे, गगनचुंबी इमारती, सर्वत्र त्याचे लेप चढले. ते लेप चढवणाऱ्या माणसांपैकी किती मेली, कशाने मेली, आणि ती तशी मरायला हवी होती काय, ह्या तीन प्रश्नांचा पाठपुरावा ज्याने जवळजवळ तीस वर्षे केला, त्या अमेरिकन डॉक्टरची ही हकिकत आहे.

आयर्विंग सेलिकॉफ ह्यांचा जन्म १५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. घर युक्रेनकडून आलेल्या ज्यू निर्वासितांचे. १९३५ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठाचे पदवीधर झाले. डॉक्टर व्हायचे मनात होते. परंतु अमेरिकेतील पुष्कळशा वैद्यकीय महाविद्यालयांत त्या काळी ज्यू मुलांना मोजक्याच जागा देण्याची चाल होती. तेव्हा अनेकांप्रमाणे त्यांनी स्कॉटलंडची वाट धरली. मध्येच दुसरे महायुद्ध पेटले आणि शिक्षणाची ती सरळ वाट मोडली. उरलेले शिक्षण त्यांना आडवळणांनी पुरे करावे लागले. ह्या आडवळणांचे भांडवल पुढे त्यांच्या विरोधकांनी केले. ते यथाक्रम येईलच.

त्यांचे पहिले नाव झाले ते क्षयरोगाच्या कामाने. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर सी व्ह्यू नावाचे क्षयाचे मोठे रुग्णालय होते. मिरजेचे सॅनेटोरियम ज्यांनी पाहिले असेल त्यांना अशा ठिकाणची हवा आणि अशा ठिकाणचे मौन सांगावे लागणार नाही. तेथे १९५१ च्या सुमारास डॉ. एडवर्ड रॉबिट्झेक आणि सेलिकॉफ ह्यांनी आयसोनियाझिड ह्या औषधाचे प्रयोग चालवले. ज्यांच्यावर बाकीचे उपाय थकले होते अशा रोग्यांना ते देण्यात आले. थोड्याच आठवड्यांत त्यांना भूक लागू लागली, वजन वाढू लागले, ताप उतरला. १९५२ च्या फेब्रुवारीत ही वार्ता बाहेर फुटली आणि त्या रुग्णालयातील रोगी आनंदाने नाचत असल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. १९५५ मध्ये ह्या कार्याबद्दल लास्कर पारितोषिक मिळाले, त्याच्या मानकऱ्यांत सेलिकॉफही होते. हे औषध पुढे आपल्या देशातही आले. १९५६ पासून मद्रासला, क्षयरोग्याला घरी ठेवून उपचार करता येतात काय ह्याची जी प्रसिद्ध पाहणी झाली, तिच्यातील एक मुख्य औषध हेच होते. एवढ्यावर थांबले असते तरी सेलिकॉफ ह्यांचे आयुष्य कारणी लागले असे म्हणता आले असते.

न्यू जर्सी राज्यात पॅटरसन नावाचे कारखान्यांचे गाव आहे. एके काळी रेशमाच्या मागांसाठी ते ख्यात होते. तेथे सेलिकॉफ ह्यांनी छातीच्या विकारांचा दवाखाना काढला होता. त्याच गावात १९४१ पासून १९५४ पर्यंत ॲस्बेस्टॉसचा एक कारखाना चालला. युद्धनौकांचे बॉयलर आणि नळ ह्यांना गुंडाळण्याचा माल तिथे तयार होई. ह्या कारखान्यातील सतरा कामगार त्यांच्या दवाखान्यात येऊ लागले. धाप लागते, कोरडा खोकला जात नाही, अशा त्यांच्या तक्रारी. क्षयरोगाचे डोळे असलेल्या डॉक्टरने त्यांच्या छातीची चित्रे पाहिली; क्षय नव्हता. पुढील काही वर्षांत ह्या सतरांतील बरेचजण फुफ्फुसाच्या विकाराने आणि कर्करोगाने गेले. एका कारखान्यातून आलेल्या मूठभर माणसांत इतके मृत्यू व्हावेत, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ॲस्बेस्टॉस घातक आहे हा शोध सेलिकॉफ ह्यांनी लावला असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. इंग्लंडातील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणारी नेली कर्शॉ ही स्त्री १९२४ मध्ये वारली आणि तिच्या फुफ्फुसांविषयी त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात लिहून आले. १९३० मध्ये तेथील सरकारी अधिकाऱ्यांनी गिरणी कामगारांची पाहणी केली आणि १९३१ मध्ये धुळीवर निर्बंध घालणारे नियमही झाले. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल ह्यांनी अशा कामगारांत फुफ्फुसाचा कर्करोग फार असल्याचे आकड्यांनी दाखवले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केप प्रांताच्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातले मेसोथेलिओमाचे ३३ रोगी नोंदवले. फुफ्फुसावर आणि पोटातील आतड्यांवर जे पातळ आवरण असते त्याचा हा कर्करोग. एरवी तो इतका दुर्मीळ की कित्येक डॉक्टरांना उभ्या आयुष्यात तो पाहायला मिळत नसे. त्या ३३ पैकी काहींनी खाणीत पाऊलही टाकले नव्हते. लहानपणी ती माणसे खाणीजवळ राहिली होती एवढेच.

म्हणजे ठाऊक होते. मग अडले कुठे? अडले ते असे, की हा धोका गिरणीत आणि खाणीत बंद आहे, धूळ कमी केली की तो संपला, असे मानले जात होते. बाहेर इमारतींत आणि गोद्यांत जे हजारो लोक हा माल कापत, कालवत, थापत होते, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. ते एका छपराखाली काम करीत नसत. आज ह्या इमारतीत, पुढल्या महिन्यात त्या जहाजावर. त्यांचा एक मालक नव्हता, म्हणून त्यांचा एक हजेरीपटही नव्हता. आणि ज्यांची यादी नाही त्यांचे मृत्यू मोजता येत नाहीत.

यादी मिळाली ती कामगारांच्याच हाती. नळांना आणि बॉयलरना उष्णतारोधक लेप चढवणाऱ्या कारागिरांची अमेरिकेत जुनी युनियन होती. न्यूयॉर्क आणि नेवार्क येथील तिच्या दोन शाखांकडे सभासदांच्या वह्या नीट ठेवलेल्या होत्या: कोण केव्हा धंद्यात आला, त्याचे वय काय, तो केव्हा वारला. १९६२ च्या सुमारास सेलिकॉफ ह्यांनी ह्या शाखांशी संधान बांधले. मला ह्या साऱ्या चरित्रात सर्वांत थोर वाटतो तो भाग हाच. आपल्या पोटाचा धंदा हाच आपला काळ आहे काय हे कळावे म्हणून ह्या कारागिरांनी आपल्या वह्या परक्या डॉक्टरपुढे उघडल्या. उत्तर होकारार्थी आले तर काय, ह्याचा विचार त्यांनी केला नसेल असे म्हणवत नाही.

सेलिकॉफ ह्यांना दोन जोडीदार भेटले. पॅटरसनचेच डॉ. जेकब चर्ग हे पेशींची परीक्षा करणारे निष्णात विकृतिशास्त्रज्ञ होते. दुसरे ई. कायलर हॅमंड, अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे हे संख्याशास्त्रज्ञ धूम्रपानाच्या प्रचंड पाहणीमुळे आधीच प्रसिद्ध होते. त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण सगळे तिच्यावर उभे आहे.

१९४३ च्या आधी धंद्यात आलेले असे ६३२ सभासद त्यांनी घेतले. त्यांतला एकही गाळायचा नाही. निवृत्त झालेला, गाव सोडून गेलेला, धंदा सोडलेला, सर्वांचा माग काढायचा. नेमकी इथेच पुष्कळ पाहण्या फसतात. कारखान्यात जाऊन आज कामावर असलेल्यांची छाती तपासली तर निरोगी माणसेच भेटणार. जे आजारी पडले ते घरी बसलेले आणि जे मेले ते मोजणीबाहेर. म्हणून सुरुवातीची यादी पक्की बांधून वीस वर्षे पुढे चालत यायचे. नंतर असा हिशेब करायचा: प्रत्येक माणूस कोणत्या वयात किती वर्षे जगला ते मांडायचे आणि त्या त्या वयाच्या सर्वसाधारण अमेरिकन पुरुषांत कोणत्या रोगाने किती मृत्यू होतात ते प्रमाण त्याला लावायचे. बेरीज येईल ती अपेक्षित मृत्यूंची. तिच्यासमोर प्रत्यक्ष घडलेले मृत्यू ठेवायचे. पहिलीतला मुलगाही करील अशी वजाबाकी शेवटी उरते, परंतु तिच्या आधी ६३२ घरांचे उंबरे असतात.

१९६४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. १९६२ अखेरपर्यंत ६३२ पैकी २५५ जण वारले होते. अपेक्षित होते २०३.५. फुफ्फुस आणि त्याचे आवरण ह्यांच्या कर्करोगाने ४५ गेले. अपेक्षित होते ६.६. जठर व मोठे आतडे ह्यांच्या कर्करोगाने २९, अपेक्षित ९.४. धुळीने फुफ्फुसे घट्ट होण्याच्या रोगाने, म्हणजे ॲस्बेस्टोसिसने, बारा. आणि ज्या रोगाचे एरवी नावही ऐकू येत नाही त्या मेसोथेलिओमाने चार. बाकीचे कर्करोग मात्र वाढलेले नव्हते. अपेक्षा होती २०.५ ची, घडले २१. हा शेवटचा आकडा नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. मोजणाराचे माप खोटे असते तर सगळेच रोग फुगले असते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीत ॲस्बेस्टॉसवर तीन दिवसांची परिषद भरली. आफ्रिकेतील, इंग्लंडातील आणि अमेरिकेतील संशोधक एका छताखाली आले. त्याच शाखांतील १,११७ जिवंत कारागिरांच्या छातीची चित्रेही सेलिकॉफ ह्यांनी काढली होती. धंद्यात येऊन वीस वर्षे उलटलेले ३९२ होते, त्यांपैकी ३३९ जणांच्या फुफ्फुसांत बिघाड दिसला. वीस वर्षांच्या आतल्यांत बहुतेकांची छाती स्वच्छ होती. हा रोग वाट पाहतो, वीस वर्षे, तीस वर्षे, कधी चाळीस. तरुण कामगाराला आपल्या फुफ्फुसात काय जाऊन बसले आहे ते कळत नाही आणि कळते तेव्हा मालक बदललेला असतो, इमारत जुनी झालेली असते, साक्षीला कोणी उरलेले नसते.

ह्यानंतर त्यांनी हातात घेतलेले काम पाहून छाती दडपते. अमेरिका आणि कॅनडा येथील ह्या युनियनच्या सगळ्याच्या सगळ्या १७,८०० सभासदांची यादी करून १ जानेवारी १९६७ पासून त्यांचा माग ठेवण्यास त्यांनी प्रारंभ केला. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय इस्पितळात पर्यावरणविषयक प्रयोगशाळा उभी राहिली होती. तिचे ते प्रमुख होते आणि १९८५ पर्यंत राहिले. सभासद वारला की युनियनकडून वार्ता येई. मग मृत्यूचा दाखला मागवायचा. पण दाखल्यावर भिस्त ठेवायची नाही हे ते आता शिकले होते. दाखला लिहिणारा डॉक्टर घाईत असतो. रोगी काय धंदा करीत होता हे तो विचारीलच असे नाही. म्हणून इस्पितळाचे कागद, शस्त्रक्रियेचा अहवाल, शवविच्छेदन झाले असल्यास त्याचा निकाल आणि मिळाल्यास प्रत्यक्ष पेशीजालाचा तुकडा, असे सारे गोळा करून प्रत्येक मृत्यूचे कारण पुन्हा ठरवायचे.

१९७६ अखेर, म्हणजे दहा वर्षांत, २,२७१ मृत्यू झाले. मेसोथेलिओमाचे मृत्यू दाखल्यांवरून मोजले तर शंभराच्या आसपास भरत. तपासाअंती ते १७५ निघाले. पोटातला मेसोथेलिओमा दाखल्यावर कित्येकदा स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणून उतरला होता. स्वादुपिंडाचे असे जे मृत्यू लिहिले होते त्यांतले जवळजवळ निम्मे तपासात खोटे ठरले. ॲस्बेस्टोसिसचे दाखल्यावर ७८, प्रत्यक्षात १६८. ही चूक कोणा एका डॉक्टरची नव्हे. मृत्यूंच्या कारणांची जी आंतरराष्ट्रीय सूची साऱ्या जगात वापरतात तीत मेसोथेलिओमाला स्वतंत्र क्रमांकच नव्हता. तो १९९० नंतर लागू झालेल्या दहाव्या आवृत्तीत आला. ज्या रोगाला रकाना नाही तो सरकारी कोष्टकात कसा दिसणार? ब्रिटनने मात्र ह्या रोगाची वेगळी नोंदवही आधीच ठेवायला घेतली. तीत १९६८ साली १५३ मृत्यू होते. २०१० नंतरच्या दशकात वर्षाला अडीच हजारांच्या वर गेले.

याच याद्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर पडली. ॲस्बेस्टॉस आणि विडी-सिगरेट ही दोन संकटे एकमेकांत मिळवली जात नाहीत, गुणली जातात. फुफ्फुसाच्या कर्करोगाने वर्षाला लाखात किती मरतात ते १९७९ च्या हिशेबात असे आले: दोन्हींपासून दूर असलेल्यांत ११, ओढत नाहीत पण ॲस्बेस्टॉसमध्ये काम करतात त्यांत ५८, नुसते ओढणाऱ्यांत १२३, आणि दोन्ही करणाऱ्यांत ६०२. मेसोथेलिओमाचे तसे नाही. त्याला सिगरेटशी काही देणेघेणे नसते.

पॅटरसनच्या त्या जुन्या कारखान्याचाही पिच्छा त्यांनी सोडला नाही. युद्धकाळात तिथे काही महिनेच काम करून गेलेल्या माणसांतही वर्षानुवर्षांनंतर कर्करोग वाढलेला आढळला. पुढे त्यांचे पथक कामगारांच्या घरी गेले. बाप कामावरून येई तो कपड्यांवर, केसांत ती पांढरी धूळ घेऊन. बायको ते कपडे झटकून धुवी, मुले बापाच्या गळ्यात पडत. १९७० नंतरच्या तपासणीत अशा घरांतल्या सुमारे एक-तृतीयांश माणसांच्या छातीच्या चित्रांत ॲस्बेस्टॉसच्या खुणा सापडल्या आणि त्यांच्यापैकी काही मेसोथेलिओमाने दगावली. त्यांनी कारखाना आतून कधी पाहिलाही नव्हता.

एवढे झाल्यावर शत्रू निर्माण होणारच. सेलिकॉफ नियतकालिकात लेख छापून स्वस्थ बसणारे नव्हते. ते वार्ताहरांशी बोलत, सरकारी समित्यांपुढे जात, युनियनच्या सभांना उभे राहत. हा माणूस घबराट पसरवतो असे कारखानदारांकडून म्हटले गेले. काही संशोधकांनाही त्यांची वृत्तपत्री प्रसिद्धी आवडत नसे, आणि त्या नापसंतीत अगदीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. शाळांच्या भिंतींतील ॲस्बेस्टॉसविषयी जी भीती १९८० नंतर अमेरिकेत पसरली तिच्यात धोक्याचे तारतम्य नेहमीच राखले गेले असे नाही. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, २००३ मध्ये, एका इतिहासकाराने त्यांच्या वैद्यकीय पदव्यांविषयी शंका घेणारा लेख लिहिला आणि त्यावर वाद माजला. शिक्षणाची कागदपत्रे वेडीवाकडी होती हे खरे दिसते. पण ४५ आणि ६.६ ह्यांतील अंतर कोणाच्या पदवीने कमी होत नाही. इतर देशांत, इतर माणसांनी, इतर याद्या घेऊन मोजले तेव्हाही माप तिकडेच झुकले.

परिणाम हळूहळू आले. न्यूयॉर्कमध्ये जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे चढत असताना पोलादी तुळयांवर ॲस्बेस्टॉसचा फवारा मारीत. १९७० मध्ये तो अर्ध्यातच थांबला. १९७१ च्या डिसेंबरात कामाच्या जागी धुळीला मर्यादा घालणारा केंद्रीय आदेश निघाला. १९७३ मध्ये बोरेल नावाच्या एका लेपकाराच्या खटल्यात, धोक्याची सूचना न देणाऱ्या उत्पादकांना न्यायालयाने जबाबदार धरले. त्या निकालामागोमाग हजारो दावे उभे राहिले. त्या ओझ्याखाली जॉन्स-मॅनव्हिल ह्या सर्वांत मोठ्या ॲस्बेस्टॉस कंपनीने १९८२ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच साली सेलिकॉफ आणि सहकाऱ्यांनी असे अनुमान मांडले की ॲस्बेस्टॉसजन्य कर्करोगाने अमेरिकेत वर्षाला सुमारे ८,२०० माणसे मरत आहेत. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर अमेरिकेत पूर्ण बंदीचा नियम व्हायला मात्र २०२४ साल उजाडले. व्यापार केंद्राचे मनोरे २००१ मध्ये कोसळले तेव्हा त्या धुळीत राबलेल्या कामगारांची तपासणी माउंट सिनायच्या ज्या केंद्राने केली त्याला सेलिकॉफ ह्यांचेच नाव आहे.

आपल्या देशात पांढरे ॲस्बेस्टॉस अजून परदेशांतून येते आणि त्याचे पत्रे बनतात. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना आज्ञा केली, की ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, ह्यांत जे उशिरा येईल तोवर ठेवावी. चाळीस वर्षे हा आकडा त्या न्यायमूर्तींनी उगाच घातलेला नाही, हे वर सांगितलेल्या हकिकतीवरून लक्षात येईल. प्रश्न आहे तो वह्यांचा. नळांना लेप चढवणाऱ्या अमेरिकन कारागिराचे नाव युनियनच्या वहीत तरी होते. आपल्याकडे पत्रा कापणारा रोजंदारीचा गडी कोणत्या वहीत असतो?

सेलिकॉफ ह्यांचा ह्या यादीवरचा शेवटचा मोठा लेख १९९१ मध्ये आला. तोपर्यंत वीस वर्षांचा हिशेब हाती होता: १७,८०० पैकी ४,९५१ मृत्यू, त्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने १,१६८, मेसोथेलिओमाने ४५८, ॲस्बेस्टोसिसने ४२७. पुढल्याच वर्षी, २० मे १९९२ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. यादीतील निम्म्याहून अधिक माणसे तेव्हा हयात होती.